हिवाळेअण्णा उभे राहिले

"पुरणपोळी कशी झालीय?" असं हिवाळेअण्णांना विचारायची चूक आमच्या आईने आयुष्यात एकदाच केली. होळीचा दिवस होता, घरात चार पाहुणे होते. अण्णांनी तोंडातला घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोरडी झालीय वहिनी." आईचा चेहरा असा पडला की विचारू नका. बाबा गडबडीने तूप आणायला उठले. अण्णांनी मात्र त्याच कोरड्या पोळ्या आणखी मागून घेतल्या आणि अगदी मन लावून खाल्ल्या.

असा हा माणूस. खरं बोलायचं आणि मोकळं व्हायचं. समोरच्याचं पुढे काय होतं ते बघायला थांबायचं नाही. मला त्यांचा हा स्वभाव कधीच आवडला नाही, आणि तोंडावर सांगायलाही मी कधी कमी केलं नाही. गेल्या वर्षी अण्णा गेले. तेव्हापासून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतेच आहे. म्हटलं, एकदा लिहून तरी काढावं.

शांतवन हिवाळे हे त्यांचं पूर्ण नाव. नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आम्हा मराठी लोकांना इथे बेंगळुरूत आणणाऱ्या ज्या सरकारी कारखान्यात माझे बाबा ड्रॉइंग ऑफिसात होते, त्याच कारखान्यात अण्णा खेळाच्या जोरावर लागले. राजाजीनगरात आमच्या गल्लीत, आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. गल्लीतली कन्नड पोरं त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायला लागलो. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आपल्या रीतीने ते माझे काका व्हायचे, पण इथे वाढलेल्या मराठी पोरांची नाती अशीच सरमिसळ झालेली असतात. त्यांची मुलगी रूथ माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. ती मला अक्का म्हणायची.

त्यांचा खेळ बॉल बॅडमिंटन. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा खेळ प्रत्येक वेळी समजावून सांगावा लागतो. शटल नसतं, लोकरीचा पिवळा बॉल असतो. एका बाजूला पाच जण, उघड्यावर, मातीच्या कोर्टवर. वारा सुटला की बॉल भलतीकडे जातो आणि दवाने भिजला की दगड होतो. अण्णा पहाटे कोर्टवर येताना बॉल स्वेटरच्या आत घालून आणायचे. त्यामुळे पाच महिन्यांचं पोट असल्यासारखे दिसायचे आणि आम्ही पोरी एकमेकींना चिमटे काढून हसायचो. त्यांच्या पांढऱ्या हाफपँटची इस्त्री मात्र कधी मोडलेली बघितली नाही. मिशीला तेल लावायचे. कॅरम हरले की सोंगट्या उधळायचे, हेही सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही त्यांना संत समजायला लागाल.

त्यांच्या कोर्टवर एकच कायदा होता. बॉल तुमच्या रॅकेटला निसटता जरी लागून बाहेर गेला, आणि अंपायरला दिसलं नाही, तरी तुम्ही स्वतः रॅकेट उंच धरून 'टच' म्हणायचं. अंपायरने विचारायच्या आधी. समोरच्यांनी आरडाओरडा करायच्या आधी. एखादी पोर गप्प राहिली तर अण्णा खेळ थांबवायचे. ओरडायचे नाहीत. नेटजवळ येऊन हळूच विचारायचे, "बॉल तुला लागला का, एवढंच सांग. पुढचं अंपायर बघेल." ती रडवेली व्हायची आणि कबूल करायची. मग म्हणायचे, "सरी, खेळा." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे. एवढ्यावर विषय संपायचा.

आता हे पोरांच्या कोर्टवर ठीक आहे हो. पण कारखान्यांच्या स्पर्धेची फायनल होती, सगळी कॉलनी बघायला लोटली होती, तिसरा डाव अटीतटीला आलेला, आणि शेवटच्या पॉइंटांना समोरच्याचा फटका लाइनच्या बाहेर गेला. अंपायरने पॉइंट आपल्याला दिला. टाळ्या. बाबांनी मला खांद्यावर उचललं. आणि सेंटरला उभे असलेले अण्णा रॅकेट वर धरून उभे. "टच." अंपायरला ऐकूच जाईना एवढा गोंगाट होता. हे महाशय त्याच्या खुर्चीपाशी चालत गेले आणि परत म्हणाले, "टच. फ्रेमला लागला." पॉइंट गेला, त्यानंतर मॅच गेली.

टीममधले लोक कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. बाबा तर घरी आल्या आल्या चप्पल भिरकावून म्हणाले, "एवढाच साधू व्हायचं होतं तर हिमालयात जायचं, सेंटरला कशाला उभा राहिला!" राग ओसरल्यावर बाबांनी एकदा त्यांना विचारलं, देवाच्या भीतीने केलंत का म्हणून. अण्णा गोंधळले. म्हणाले, "देवाचं काय त्यात, जोशी? बॉल लागला होता."

पण देवाचं होतंच. त्यांच्या सगळ्याच बोलण्यात होतं, फक्त ते त्याचा गाजावाजा करायचे नाहीत. आंतरशालेय सामन्याआधी एकदा रूथ कोर्टच्या कडेला डोळे मिटून, हात जोडून उभी होती. अण्णांनी विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "आम्हाला जिंकव म्हणून सांगतेय." अण्णा म्हणाले, "पलीकडच्या पोरींनीही तेच सांगितलं असेल. त्याने कुणाचं ऐकायचं? त्याला कशाला मधे घालतेस, तू बॉलकडे बघ." रूथ त्यांचीच लेक. तिने उलट विचारलं, "मग प्रार्थना करायची कशाला?" दुसरा कुणी बाप असता तर काहीतरी गोड ठोकून दिलं असतं. अण्णा विचार करत उभे राहिले. शिट्टी वाजली तरी उभेच. मग म्हणाले, "हरल्यावर आपलं तोंड वाकडं होऊ नये म्हणून, बहुतेक." त्या दिवशी आम्ही सडकून हरलो. रूथने तोंड वाकडं केलं नाही, पण बसमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

मल्लेश्वरममध्ये एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्यांची मराठी मंडळी, म्हणजे उपासनेला एकत्र येणारी माणसं, रविवारी दुपारी जमायची. सकाळी तिथे कन्नड उपासना असे, म्हणून यांची दुपारी. पन्नासेक माणसं. नगरची, मिरजेची, कोल्हापूरची, आणि अलीकडे पुण्याहून आयटीत आलेली तरुण मंडळी. नाताळला आणि अशाच एखाद्या जेवणावळीला मी जायची. मी काही देवभोळी नाही, पण त्यांच्या मटणाच्या रश्श्याला तोड नव्हती. अण्णा कायम शेवटच्या बाकावर. एकदा बाहेरगावचा एक तरुण उपदेशक आला होता. त्याने रंगात येऊन सांगितलं की आयुष्य ही मॅच आहे, देव आपल्या टीममध्ये आहे, आता आपल्याला कोण हरवणार! बाहेर पडल्यावर अण्णा मला म्हणाले, "पाच जणांत देवाला उभा कुठे करायचा गं? फ्रंटला का बॅकला? आणि आपल्यातला कुणाला बसवायचं?" मी हसत सुटले. ते हसले नाहीत. म्हणाले, "लहान आहे तो. मीही त्या वयात असाच होतो. विश्वासात माणूस लवकर मोठा होत नाही, नंदे. मिशा फुटतात, पोरं होतात, रिटायर होतो, तरी आत दूधच पीत असतो. मोठं झालं की मागण्या कमी होतात."

मला ते फार पटलं होतं. पण रूथ आजारी पडल्यावर मी त्यांना या बोलण्याची आठवण केली, तर ते म्हणाले, "असं म्हणालो होतो मी? मला काय कळत होतं तेव्हा."

रूथने लग्न केलं नाही. मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिची आई, एस्तेरकाकू, रूथ कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर घरात बापलेक दोघंच. दोघंही कमी बोलणारी. संध्याकाळी मी गेले तर एक जण वह्या तपासतोय, दुसरा नेटची दोरी विणतोय, आणि कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या बोलताहेत. पण बाप थोडा उशिरा आला की ही गेटपाशी येऊन उभी राहायची.

तिच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, केमो सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. मंडळीतली माणसं सख्ख्यांपेक्षा जास्त धावून आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात मिलिंद बनसोडे नावाचा पुण्याचा एक पोरगा होता. आयटीतला, तिशीचा, मनाने सोनं. प्रत्येक केमोला तो ऑफिसातून सुट्टी काढून रूथला स्वतःच्या गाडीतून न्यायचा आणि आणायचा. दर शुक्रवारी तो शहराबाहेर होसकोटेकडच्या एका प्रार्थनागृहात जायचा, तिथे रूथलाही न्यायला लागला. तिथली शिकवण अशी की आजार गेला असं आधी तोंडाने म्हणायचं, विश्वासाने म्हणायचं, मग तो जातो. अण्णांनी एकदा कुरकुर केली तर मिलिंद म्हणाला, "अंकल, प्लीज निगेटिव्ह बोलू नका. आपण फेथने बोललं पाहिजे ना. तुम्ही डाउट केला की दीदीच्या हीलिंगला अडथळा येतो." अण्णांनी पुन्हा कुरकुर केली नाही.

मधल्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश होत्या. म्हणाल्या, गाठ चांगलीच लहान झालीय, औषध लागू पडतंय. राहिलेल्या केमो पूर्ण करू आणि मग ऑपरेशन. अण्णा आणि रूथ दोघंही खोलीत होते. त्याच शुक्रवारी होसकोटेला रूथच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी तासभर प्रार्थना केली. घरी येऊन तिने चाचपून बघितलं, तर गाठ हाताला लागेना. शनिवारी तिचा फोन आला. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा ऐकला. "अक्का, उद्या मंडळीत ये. मी साक्ष देणार आहे. जेवण पण आहे."

त्यांच्यात ही पद्धत असते. देवाने आपल्यासाठी काही केलं की सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात. नोकरी लागली, दारू सुटली, मूल झालं. लोक ऐकतात, रडतात, टाळ्या वाजवतात. मला ती गोष्ट नेहमी आवडायची. आमच्यात नवस फेडून माणूस गुपचूप घरी येतो.

डोक्याला गुलाबी स्कार्फ बांधून रूथ पुढे आली. माइक हातात घेतला. म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं आहे. गाठ गेली आहे. माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा आहे, म्हणून मी उद्यापासून केमो थांबवते आहे. ही माझी साक्ष." हालेलुयाचा गजर झाला. बायका डोळे पुसत होत्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आणि शेवटच्या बाकावर हिवाळेअण्णा उभे राहिले.

टाळ्या थांबेपर्यंत ते उभे होते. मग म्हणाले, "गाठ गेलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, लहान झालीय. गेली असं म्हणाल्या नाहीत. मी खोलीत होतो."

एवढं बोलून ते खाली बसले.

मिलिंद हात जोडून मागे धावला, "अंकल, प्लीज, अंकल." कुणीतरी बाई पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, "बापाचाच विश्वास नाही तर लेकराने काय करावं!" रूथ तशीच पुढे उभी होती. माइक दोन्ही हातांत धरलेला. तिने बापाकडे बघितलं, पण तो मान खाली घालून बसला होता. मग तिने माइक टेबलावर ठेवला आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर जाऊन मिलिंदच्या गाडीत बसली.

मी अण्णांना ऑटोत घातलं आणि राजाजीनगर येईपर्यंत झाडझाड झाडलं. "अहो, घरी सांगता आलं नसतं? चारचौघांत पोरीची अब्रू काढलीत. जीव जाईल तिचा." ते बाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "चारचौघांत तिने सांगितलं, म्हणून चारचौघांत बोललो. तिसऱ्या बाकावर सोनकांबळ्यांची सून बसली होती, बघितलीस? तिलाही हेच दुखणं आहे. ती उद्या औषध बंद करेल रूथचं ऐकून." ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

त्यानंतरचे दिवस आजही आठवायला नको वाटतात. एका छताखाली दोन माणसं, आणि शब्द नाही. अण्णा सकाळी नाचणीची आंबील करायचे. रूथ ती प्यायची, वाटी विसळून ठेवायची, शाळेत जायची. केमो बंद. मंडळीत काही जणांनी अण्णांशी बोलणं सोडलं. काही जण उघड म्हणायला लागले, याच्यामुळेच पोरीचं बरं होणं अडलंय. तरी अण्णा दर रविवारी त्याच बाकावर. मी म्हटलं, "कशाला जाता तिथे शिव्या खायला?" तर म्हणाले, "माझीच माणसं आहेत ती. चांगली माणसं आहेत." सोनकांबळ्यांच्या सुनेने औषध चालू ठेवलं होतं, ते मीच त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

एक दिवस सकाळी मी दूध द्यायला गेले, तर हे स्वयंपाकघरात फरशीवर गुडघे टेकून. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या. मी हाताला धरून उठवलं आणि विचारलं, "काय मागता हो एवढं?"

"मागत नाही काही. मागायला गेलं की भांडण होतं. नुसता बसतो."

"देवापुढे बसून काय होणार? तिला हाताला धरून हॉस्पिटलात न्या!"

"सेहेचाळीस वर्षांची आहे ती, नंदे. फरफटत नेऊ?" आणि मग डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी दूध तापत ठेवलं.

पाठ दुखायला लागली तेव्हा रूथ स्वतःच एका सकाळी चप्पल घालून बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, ऑटो बोलवा." कित्येक आठवड्यांनी तिने त्यांना हाक मारली होती. पण फार उशीर झाला होता. दुखणं हाडांत गेलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते कळल्यावर मिलिंद दारात येऊन उभा राहिला. आत येईना. रडून रडून डोळे सुजलेले. "अंकल, मी... माझ्यामुळे..." मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटत होती, अगदी खरं सांगते. अण्णा म्हणाले, "आत ये. चहा घेणार? मंगळवारी हॉस्पिटलला जायचंय, गाडी लागेल." त्या दिवसापासून तो पोरगा परत प्रत्येक वेळी आला, शेवटपर्यंत.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, हॉस्पिटलची खोली. मी मोसंबी सोलत बसले होते. रूथ मोसंबी खाणार नव्हती, पण हाताला काहीतरी हवं असतं. अण्णा खिडकीपाशी खुर्चीवर. रूथने डोळे न उघडता विचारलं, "पप्पा, तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात, तर मी बरी झाले असते का?"

मनात म्हटलं, नाही म्हणा. अण्णा, आयुष्यात एकदा तरी पटकन नाही म्हणून टाका.

ते खिडकीकडून तिच्याकडे वळले. म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ."

"तुम्हाला तर सगळं दिसतं," रूथ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती.

"हे दिसत नाही."

मग ती म्हणाली, "तुम्ही उभे राहिलात त्याचा मला राग नाही. तुम्ही खरं बोललात. मला तेव्हाच ठाऊक होतं ते. पण बोलून तुम्ही परत खाली बसलात, पप्पा. मी तिथे पुढे एकटी उभी होते. तुम्ही चालत माझ्यापाशी यायला हवं होतं."

एवढ्या वर्षांत अण्णांना असं कुणी सांगितलं नव्हतं. फायनलला नाही, होळीच्या पंगतीत नाही. मीसुद्धा इतकी वर्षं त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, पण नेमकं कुठे दुखतं ते मला सापडलं नव्हतं. ते खुर्ची उचलायला गेले, उचलवेना, म्हणून ती फरशीवरून ओढत तिच्या पलंगाला लावली आणि बसले. "चुकलं," म्हणाले. तिचा हात हातात घेतला. तिने हात काढून घेतला नाही. मी मोसंबीच्या साली गोळा करून बाहेर पडले आणि जिन्यात उभी राहून मोठ्याने रडले.

रूथ गेली तेव्हा तिचा हात त्यांच्याच हातात होता, असं नर्सने सांगितलं. दफनाला सगळी मंडळी आली होती. पुढच्या रांगेतून बोललेली ती बाईसुद्धा. पाळकांनी प्रार्थना केली, लोकांनी मूठ मूठ माती घातली. अण्णा शेवटपर्यंत थांबले. लोक निघाले, मांडववाले खुर्च्या उचलायला लागले, तरी थांबले. आम्ही चला म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." अंधार पडायला लागल्यावर मिलिंदने त्यांना घरी आणलं.

कोर्टवर ते परत गेले नाहीत. पोरं बोलवायला यायची, त्यांना नेट देऊन टाकलं, रॅकेटी देऊन टाकल्या. फारसं कुठे दिसायचे नाहीत. दार वाजवलं तर कधी उघडायचे, कधी नाही. मला वाटायचं, माणूस खचला आता, घरात कोंडून घेतलंय. दर मंगळवारी सकाळी मात्र दाराला कुलूप असायचं. विचारलं तर म्हणायचे, "असंच, जरा जाऊन येतो."

मग माझीच एक तपासणी निघाली. पुढे काही विशेष निघालं नाही, पण डॉक्टर म्हणाले करून घ्या. त्याच हॉस्पिटलात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मंगळवार होता. केमोच्या विभागासमोर नातेवाइकांना बसायला बाकं आहेत, तिथून जाताना मला पांढरा शर्ट दिसला. हिवाळेअण्णा. शेजारी एक म्हातारी, खेड्यातून आलेली, पदरात तोंड खुपसून बसलेली. तिची लेक आत केमो घेत होती, हे बोलण्यावरून कळत होतं. मी खांबाच्या अलीकडेच थांबले.

म्हातारी कन्नडमध्ये सांगत होती की गावातले लोक म्हणतात, औषध पुरे, आता देवालाच सांगा. अण्णा म्हणाले, "एरडू माडी, अक्का." दोन्ही करा. औषध अर्धवट सोडू नका, आणि देवालाही सांगा, दोन्ही. म्हातारीने मान हलवली. मग तिने विचारलं की तुमचं कोण आहे आत.

"मगळु," अण्णा म्हणाले. मुलगी.

"कशी आहे आता?"

मला पळत जाऊन मधे पडावंसं वाटलं. अहो, त्या बाईची पोर आत आहे. आज तरी काहीही सांगा.

"होदळु," अण्णा म्हणाले. गेली.

म्हातारी दचकली. त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा भीतीने आक्रसला. ती हमसून हमसून रडायला लागली. अण्णा उठले नाहीत. त्यांनी तिला समजावलंही नाही. बाकावरची मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्या जवळ सरकून बसले. माझ्या नावाचा पुकारा झाला, मी आत गेले. आत बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा म्हातारीचं रडणं थांबलं होतं, बाकीची बाकं रिकामी झाली होती, आणि अण्णा तिथेच बसलेले होते.